मांजरपाटावरचं रान

रायपूरच्या रेल्वे कॉलनीत आमचं लहानपण गेलं. तिथल्या सभागृहात गणपतीच्या दिवसांत मराठी नाटकं व्हायची. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूंनी नोकरीसाठी आलेली माणसं दिवसभर गाड्या आणि वॅगन सांभाळायची आणि संध्याकाळी राजा, वकील, सासू होऊन रंगमंचावर उभी राहायची. मी दुसरीत-तिसरीत असताना एका दुपारी सभागृहाचं दार उघडं दिसलं म्हणून आत शिरले. आत कोणी नव्हतं. रात्रीच्या नाटकासाठी मागचा पडदा टांगून ठेवला होता आणि त्या पडद्यावर रान होतं.

साजाची, मोहाची मोठी मोठी झाडं, मधून जाणारी पायवाट, पायवाटेच्या शेवटी तळं, तळ्याच्या पाण्यावर ऊन. मी खुर्च्यांमधून पुढे गेले, रंगमंचाच्या पायऱ्या चढले आणि पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेले. तिथे झाडच नव्हतं. हिरव्या-तपकिरी रंगाचे नुसते फटकारे होते. कुठे केरसुणी आपटल्यासारखे ठिपके, कुठे ओघळ. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मी धावत मागे शेवटच्या रांगेपर्यंत गेले आणि वळून पाहिलं. रान परत आलं होतं. मग पुन्हा जवळ गेले, पुन्हा मागे आले. किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी घामाघूम होऊन घरी गेले आणि आईला म्हटलं, त्या पडद्यात कोणीतरी झाडं लपवून ठेवली आहेत. आई म्हणाली, "कोणी नाही, त्या मागच्या लाइनीतल्या काकूनं केलं ते."

काकू मला माहीत होत्या. उंच, सावळ्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांचे यजमान रेल्वेत फिटर होते. कॉलनीतल्या बाकीच्या बायकांच्या साड्यांवर हळदीचे डाग असायचे, यांच्या साडीवर निळीचे आणि गेरूचे. त्यांचं माहेर गोंदियाकडचं. धान कापून झालं की त्या भागात गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. काकूंचे वडील त्या नाटकांचे पडदे रंगवायचे आणि भाऊ नसल्यामुळे लहानपणापासून काकूच वडिलांच्या हाताखाली होत्या. लग्न होऊन रायपूरला आल्या तेव्हा सोबत कुंचल्यांचं गाठोडं होतं. कॉलनीतल्या नाटकमंडळींना हे कळायला फार दिवस लागले नाहीत.

पुढे काही वर्षं मला त्यांना काम करताना पाहायला मिळालं. सभागृहातल्या खुर्च्या भिंतीला लावायच्या आणि जमिनीवर मांजरपाटाचं कापड पसरायचं, पट्ट्या जोडून शिवलेलं, पार भिंतीपासून भिंतीपर्यंत. चुलीवर रंग धरून ठेवणारा सरस उकळत असायचा. त्याचा वास इतका उग्र की आमच्यातली अर्धी पोरं दारातूनच पळून जायची. त्या सरसात पांढरी माती आणि सुके रंग कालवायचे. काकू साडी खोचून, अनवाणी, कापडावर उभ्या राहायच्या. कुंचला बांबूच्या काठीला बांधलेला. वाकायच्या नाहीत, बसायच्या नाहीत, चालत चालत रंगवायच्या. पायाखाली रान वाढत जायचं आणि त्या त्याच्यातून वाट काढत दुसऱ्या टोकाला पोचायच्या. कापड आडवं असेपर्यंत त्यांना स्वतःलाही पूर्ण चित्र दिसत नसे. ते दिसायचं थेट टांगल्यावर, आणि तोपर्यंत रंग वाळलेला असायचा. तरीही पायवाट नेमकी तळ्याशी पोचायची.

हळूहळू नाटकं बंद पडली. जुनी माणसं निवृत्त झाली, काही नागपूरला परत गेली. आम्ही पोरं घरात मराठी ऐकायचो आणि उत्तर हिंदीत द्यायचो. गणपतीत ऑर्केस्ट्रा आला, मग फ्लेक्सचे पडदे आले. मी मोठी झाले, कॉम्प्युटरवर डिझाइन शिकले आणि सदर बाजारच्या मागच्या गल्लीत लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये लागले. आजही तिथेच आहे. गणपती, मोर, केळीचे खांब, हात जोडलेली नवरा-नवरी यांची मांडणी मी झोपेतसुद्धा करू शकते. काम वाईट नाही. पण पत्रिका लग्नाच्या दिवसापुरती असते, हे मला ठाऊक आहे आणि पत्रिका छापून घेणाऱ्यालाही.

माझी एक मैत्रीण लग्नांचे फोटो काढते. तीही मराठी घरातली. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. मागच्या वर्षी ती बंगळुरूला गेली होती. तिथल्या कसल्याशा पुस्तकांच्या बाजारातून तिने माझ्यासाठी एक चोपडं आणलं. पानं मोजकीच, मधे दोन पिना. कोणी एका मुलीने आपल्या आवडत्या शिल्पकाराबद्दल स्वतःच लिहून, स्वतःच मांडून छापलेलं. "इसको झीन बोलते हैं," मैत्रीण म्हणाली. कोणी सांगितलं म्हणून नाही, विकायचं म्हणून नाही, एखाद्या गोष्टीचं वेड असलं की असं छोटं पुस्तक काढायचं आणि चार लोकांच्या हातात द्यायचं. मी ते चोपडं प्रेसमधल्या स्टुलावर बसून एका दमात वाचलं. वाचून संपलं तेव्हा माझं झीन कोणावर असणार, हे मला विचारावंही लागलं नाही.

काकू आता समता कॉलनीत मुलाकडे राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मी गेले तेव्हा त्या गॅलरीत बसून मच्छरदाणीला ठिगळ लावत होत्या. केस पांढरेशुभ्र, गुडघे सुजलेले, आवाज तोच. मी कोणाची मुलगी ते सांगितल्यावर त्यांनी आधी माझ्या बाबांच्या नाटकातल्या वकिलाची नक्कल करून दाखवली. मग मी कशाला आले ते सांगितलं.

"माह्यावर पुस्तक?" त्या म्हणाल्या. "काहून?"

मला नीट सांगता येईना. मी त्या दुपारची गोष्ट सांगितली, जवळ जाण्याची आणि मागे धावण्याची. त्यांनी सुई थांबवली. मग म्हणाल्या, की कॉलनीत इतकी वर्षं पडदे केले, लोकांनी वाहवा केली, पण जवळ जाऊन पाहिलेलं कोणी त्यांना आजवर सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली आणि मी सुन्न झाले. मी विचारत होते, किती पडदे केले, कुठे आहेत, फोटो काढता येतील का. काकूंनी सहज सांगितलं की ते सगळे एकच आहेत. मांजरपाट महाग होतं. नाटक संपलं की पडदा गरम पाण्यात टाकायचा, सरस सुटायचा, रंग निघून जायचा, कापड पुन्हा कोरं व्हायचं. मग पुढच्या वर्षी त्यावर नवं. राजवाडा धुऊन गल्ली केली, गल्ली धुऊन देऊळ, देऊळ धुऊन रान. त्या स्वतःच धुवायच्या, कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीपाशी, बायकांना मदतीला घेऊन. मी विचारलं, वाईट नाही वाटायचं? त्यांना प्रश्नच कळला नाही. "नाटक झालं होतं ना बाई," त्या म्हणाल्या.

म्हणजे काहीच उरलं नव्हतं. मी उठायच्या बेतात होते तेव्हा त्या म्हणाल्या, शेवटचा एक आहे बहुतेक. शेवटच्या वर्षीचा. पुढच्या वर्षी नाटक झालंच नाही, म्हणून धुतला नाही.

तो पडदा उरला या कारखान्यांच्या भागात होता. काकूंचा मुलगा तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये काम करतो. क्वार्टर सोडताना बांबूवर गुंडाळलेला तो लांबलचक पडदा कुठल्याच घरात मावेना, म्हणून त्याने मालकाला विचारून मिलच्या गोदामात, वरच्या लोखंडी तुळयांवर नेऊन ठेवला होता. त्यानंतर कोणी त्याला हात लावला नव्हता. आणि तो पडदा म्हणजे रान होतं. मी लहानपणी पाहिलेलंच असेल असं नाही, काकू रान पुन्हा पुन्हा करायच्या. पण रान होतं.

मी लगेच म्हटलं, आपण तो उघडू, फोटो काढू. काकूंनी नकारार्थी मान हलवली. "सरस मेला असन आता," त्या म्हणाल्या. "उलगडला का रंग झडून जाईन. एकडाव उघडू शकते, दुसऱ्यांदा नाही."

हे ऐकून माझा उत्साहच गेला. घरी जाऊन मी दोन दिवस विचार केला. मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, कोणा जाणकाराला दाखवू, संग्रहालयवाल्यांना विचारू, जुनी चित्रं वाचवायचे उपाय असतात म्हणे. मलाही तेच बरं वाटलं. ज्या बाईचा गौरव करायचा, तिचं शेवटचं चित्र आपल्या हौसेपायी मातीत घालायचं? मी परत समता कॉलनीत गेले आणि काकूंना सांगितलं की नको, तो तसाच राहू दे, आपण माणसं शोधू.

काकूंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू पाह्यला का तो पडदा?"

मी म्हटलं, नाही.

"मी बी नाही पाह्यला, टांगला होता त्याच्यानंतर. गुंडाळून ठेवलेला पडदा काय कामाचा? कापडाचा गठ्ठा आहे तो. पडदा पाहाले असते. चाल, पाहून घेऊ."

त्यांनी ते इतक्या साधेपणाने म्हटलं की मला वाद घालता आला नाही. पडदा त्यांचा होता. निर्णयही त्यांनीच घेतला. मी फक्त मुलाला सांगून गोदाम रिकामं मिळेल तो दिवस ठरवला.

उरल्याचा रस्ता तुम्ही पाहिला असेल तर सांगायला नको. ट्रकमागे ट्रक, झाडांच्या पानांवर काळी भुकटी, हवेत लोखंडाची चव. काकू ऑटोत माझ्या शेजारी बसल्या होत्या, पदर नाकाला लावून. त्यांनी चांगली साडी नेसली होती. गोदाम उंच आणि लांबलचक होतं, त्यातला माल नुकताच गेला होता. मुलाने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी फरशी आधीच झाडून धुऊन ठेवली होती. एका बाजूने लोखंडी जिना वर जात होता आणि वर छताजवळ चालायला अरुंद पट्टी होती. मैत्रीण कॅमेरा घेऊन तिथे चढली. काकूंसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली.

तिघांनी तो बांबू खाली उतरवला आणि हळूहळू लोटत पडदा उलगडायला सुरुवात केली.

आधी आवाज आला. वाळक्या पानांवरून कोणी चालत यावं तसा. रंगाचे पापुद्रे सुटत होते, भुकटी उडत होती. मी ओठ दाबून उभी होते. पहिल्यांदा आभाळ आलं, मळकं, फिकं. मग शेंडे, मग फांद्या. झाडाची एक बाजू उघडायची आणि डोळ्यांदेखत तिच्यातला एक तुकडा सुटून कापडावर घरंगळायचा. मला थांबवावंसं वाटलं. मी काकूंकडे पाहिलं. त्या खुर्चीत पुढे झुकल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता. नाटकाची तिसरी घंटा झाल्यावर प्रेक्षक बसतो तशा त्या बसल्या होत्या.

पूर्ण उलगडला तेव्हा गोदामाची फरशी दिसेनाशी झाली. वरून मैत्रीण म्हणाली, "ऊपर आ. जल्दी आ." तिचा आवाज बदललेला होता. मी जिना चढले, पट्टीवर जाऊन खाली वाकून पाहिलं.

आता इतकी वर्षं डिझाइन करते आहे. रंग कसे विभागतात, ठिपक्यांचं चित्र कसं होतं, नजर कशी फसते, हे सगळं मला ठाऊक आहे. त्याचा काही उपयोग झाला नाही. खाली लोखंडाच्या त्या गोदामात रान होतं. त्याला खोली होती, त्यात सकाळ होती, सावलीत गारवा होता. रंग जिथे झडला होता तिथेही रान तुटत नव्हतं, जणू त्या जागी धुकं आलं होतं. मैत्रीण फोटो काढायचं विसरून उभी होती, मग भानावर येऊन भराभर काढायला लागली.

"दिसते का?" खालून काकूंनी विचारलं. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढणं शक्य नव्हतं.

"दिसते काकू."

"पाणी?"

"पाणी बी दिसते. चमकून राह्यलं."

त्या हसल्या. मग खुर्चीच्या हाताला धरून उठल्या, चपला काढल्या आणि चालत पडद्यावर गेल्या. मुलगा पुढे झाला, त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. पायवाटेवरून सावकाश, एकेक पाऊल टाकत त्या तळ्यापर्यंत गेल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. वरून दिसत होतं: एवढंसं पांढरं डोकं, हिरवी साडी, चहूकडे पाणी.

मी धावत खाली आले. काकूंनी मला बोलावलं. पायातल्या सॅंडल काढून मीही आत गेले. त्यांनी पायाच्या अंगठ्याने पाण्यावरची चमक दाखवली. लहानपणापासून मला ती चमक म्हणजे जगातला सगळ्यात पांढरा रंग वाटायची. मी खाली बसून पाहिलं. तिथे रंगच नव्हता. कोरं मांजरपाट होतं, कोरं म्हणजे पिवळट, थोडं मळकंच.

"इथं काहीच नाही केलं," काकू म्हणाल्या. "आजूबाजूचं केलं अन् हे सोडून देल्लं. माहे बाबा म्हणत, पाण्यावर पांढरा लावला का पाणी मरते."

मी त्या कोऱ्या कापडावर हात ठेवला. इतकं साधं होतं ते. आणि इतकी वर्षं मला कळलं नव्हतं.

तेवढ्यात शिफ्ट सुटली. गोदामाच्या दाराशी कामगार गोळा व्हायला लागले, डोक्याला गमछे, चेहरे काळे. आत काय चाललंय पाहायला आलेले. कोणी मोबाईल काढला, कोणी नुसतंच पाहत राहिलं. एका पोक्त माणसाने दारातच बूट काढले आणि कापडाच्या कडेपर्यंत येऊन थांबला. बराच वेळ पाहून तो शेजारच्याला म्हणाला, "हमर गाँव के तरिया लागत हे." आमच्या गावचं तळं वाटतं. शेजारचा म्हणाला, "हव." काकूंनी त्या पोक्त माणसाला कोणतं गाव विचारलं. त्याने सांगितलं, आणि त्या म्हणाल्या की त्या कधी तिथे गेल्या नाहीत. तो माणूस हसला, पण त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

परत गुंडाळताना आणखी रंग गेला. शेवटी फरशीवर हिरव्या-तपकिरी भुकटीच्या रेघा उरल्या. मुलाने झाडू घेतला आणि मी तोंड फिरवलं.

मग माझं काम सुरू झालं. पहिली मांडणी मी सवयीने केली: आख्खा पडदा पानभर, वर मथळा, खाली मजकूर. छापून पाहिलं तर किराणा दुकानातलं कॅलेंडर. प्रेसचे मालक, ज्यांना आम्ही भैया म्हणतो, ते कौतुकाने म्हणाले, अच्छा सीनरी है. मला रडू आलं. गोदामात जे अंगावर आलं होतं ते पानावर तळहाताएवढं होऊन निजलं होतं.

काही दिवस मी नुसतीच फोटो उलटसुलट करत राहिले. मैत्रिणीने जवळून काढलेले फोटोही बरेच होते. एक दिवस त्यातला एक मी कापडावर होता त्याच आकाराचा करून छापला. कुंचल्याचा एकच फटकारा, पानभर. काय आहे ते सांगता येत नव्हतं, पण हाताची ओढ दिसत होती, केसांच्या रेघा दिसत होत्या, कुठे वेग घेतला आणि कुठे उचलला तेही. तिथून वाट सापडली. झीन एकाच मोठ्या कागदाचं करायचं, घड्या घातलेलं. हातात घेतलं की चोपडं. एकेक घडी उघडावी तसा एकेक तुकडा, खऱ्या आकाराचा, न कळणारा. शेवटची घडी उघडून कागद पालथा केला की मागे आख्खं रान. मुखपृष्ठावर वरून काढलेला तो फोटो: तळ्यात उभी असलेली एक बाई.

मजकूर काकूंचा. मी त्यांच्याकडे जाऊन ऐकत असे आणि घरी येऊन लिहीत असे, त्या बोलल्या तसंच, मले-तुले सकट. मैत्रीण म्हणाली, हिंदी में करते तो सब पढ़ते. मी एक परिच्छेद हिंदीत करून पाहिला. त्यात काकू शाळेच्या बाई वाटत होत्या. मैत्रिणीने तो वाचला आणि स्वतःच म्हणाली, रहने दे.

छपाईला मुहूर्त मिळाला खरमासात. तेव्हा लग्नं नसतात आणि आमची मशीन रिकामी असते. भैयांनी मशीन वापरायला दिली आणि स्वतः उभे राहिले. चकचकीत आर्टपेपर मी नको म्हटलं, शाई पिऊन घेणारा, किंचित पिवळट साधा कागद निवडला. पहिलं प्रूफ निघालं आणि मी तळ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही चमक छापायला काय करायचं. भैया माझ्याकडे बघतच राहिले. "दीदी, सफेद तो कागज ही है. वहाँ कुछ नहीं छपेगा." रोज पत्रिका छापणाऱ्या मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं.

प्रूफ घेऊन मी काकूंकडे गेले. त्यांनी ते उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "हे रान पिलास्टिकचं आहे." हिरवा एकटा कधी टाकायचा नाही, त्यात गेरू पाहिजे, असं त्यांनी समजावलं. प्रेसला येऊन मी हिरव्यात थोडी लाल शाई वाढवली. भैया कुरकुरले की मळकं होईल. कागद बाहेर आला आणि ते चष्मा वर करून म्हणाले, अब पेड़ लग रहा है.

घड्या आम्ही हातानेच घातल्या, मी, मैत्रीण आणि भैया. पहिली प्रत काकूंना द्यायला मैत्रीणही आली. काकूंनी मुखपृष्ठावरचा फोटो पाहिला, "मीच का?" असं विचारलं आणि घडी उघडायला लागल्या. एकेका फटकाऱ्यावर थांबल्या. एके ठिकाणी म्हणाल्या, हा कुंचला माझ्या बाबांचा. शेवटी सगळा कागद उघडून पलंगावर पसरला, मागची बाजू वर केली आणि दोन्ही हात गादीवर टेकून पाहत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटत होतं आणि मी त्याची तयारीही केली होती.

एकदम त्या मोठ्याने हसल्या.

"पाह्य ना," त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "ह्या झाडाची सावली उलटी पडली."

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. उजवीकडच्या एका मोहाची सावली बाकी सगळ्या सावल्यांच्या विरुद्ध दिशेला होती. मी ते रान गोदामात पाहिलं होतं, कॉम्प्युटरच्या पडद्यावर कित्येक आठवडे पाहिलं होतं, एकेक तुकडा मोठा करून पाहिला होता. माझ्या लक्षात आलं नव्हतं. मैत्रिणीच्याही नाही. मी विचारलं, पुढच्या छपाईत सरळ करून देऊ का, कॉम्प्युटरवर होतं.

"नको," काकू म्हणाल्या. "झाडाले विचार आला असन, इकडं टाकून पाहू म्हणून."

त्या पुन्हा हसल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. सून स्वयंपाकघरातून आली, मुलगा आला, प्रत्येकाला त्यांनी ती सावली दाखवली. आपल्या कामातली चूक सापडली म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा त्या पलंगावर त्या कागदाशेजारी बसल्या होत्या आणि बोटाने हवेत ती सावली दुसरीकडे वळवून पाहत होत्या.

गेटपाशी आल्यावर मैत्रीण गाडी सुरू न करता थांबली. तिने आपली प्रत उघडली, शोधून ती सावली पुन्हा पाहिली आणि हळूच, मराठीत म्हणाली, "काकू भारीच आहेत." मग हेल्मेट घातलं आणि आम्ही सदर बाजारकडे निघालो. दुसऱ्या दिवसापासून पत्रिकांचा हंगाम सुरू होणार होता.